गाडी तापली म्हणून लगेच इंजिन खोलू नका

मागच्या अंकात जुन्या डॉज-प्लिमथच्या सहा सिलेंडर पेट्रोल इंजिनावर थोडंसंच लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही अडलं तर विचारा, तर एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना इथं उत्तर देणं शक्य नाही. जे प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत ते घेतलेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण आपल्या मराठवाड्यात चांगली चांगली इंजिनं ह्याच एका कारणानं भंगारात गेलेली मी डोळ्यानं पाहिलीत.

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्या आजोबांची डॉज किंग्सवे आहे, वाड्यात वीस वर्षं उभी होती, मागच्या वर्षी चालू केली. गावात फिरवली तर काही त्रास नाही पण मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की काटा वर जायलाय, पाणी उकळायलंय, अन् मागच्या दोन सिलेंडरला जोरच नाही. रेडिएटरला नवीन कोअर टाकला तरी तेच. मेकॅनिक म्हणायलेत ब्लॉक गेला, डिझेल इंजिन बसवून टाका. काय करावं? (बीडजवळचे एक वाचक)

उत्तर : भाऊ, डिझेल इंजिनाचा विचार आत्ता डोक्यातून काढा. तुम्ही जे लिहिलंय ना, की मागच्याच दोन सिलेंडरला जोर नाही आणि रेडिएटर बदलूनही फरक नाही, तिथंच अर्धं उत्तर आलंय.

हे इंजिन आतून कसं आहे ते आधी बघू. आजच्या गाडीत व्हॉल्व वर हेडमधे असतात, ह्या इंजिनात ते ब्लॉकमधेच सिलेंडरच्या शेजारी उभे असतात, म्हणून त्याला साइड व्हॉल्व म्हणतात आणि हेड म्हणजे नुसतं वरचं जाड झाकण. त्यामुळं होतं काय की जळालेला गरम धूर ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जातो आणि ती सगळी उष्णता ब्लॉकमधल्या पाण्याला घ्यावी लागते. सगळ्यात जास्त भाजतो तो एक्झॉस्ट व्हॉल्व. म्हणून क्रायस्लरच्या (डॉज-प्लिमथ बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या) इंजिनियरांनी ब्लॉकच्या आत, वॉटर पंपाच्या मागून थेट सहाव्या सिलेंडरपर्यंत, पत्र्याची एक चपटी लांब नळी घातलेली आहे, तिला जागोजागी भोकं आहेत आणि पंपाचं थंड पाणी त्या भोकांतून आधी एक्झॉस्ट व्हॉल्वच्या आजूबाजूला पडतं, मग बाकीच्या ब्लॉकमधे फिरतं. ही नळी बाहेरून दिसत नाही, म्हणून ती आत आहे हेच पुष्कळ मेकॅनिकना माहीत नसतं. पत्रा कुजला की पाणी पुढच्या बाजूलाच बाहेर पडतं, मागच्या सिलेंडरपर्यंत जातच नाही, आणि मग तिथले व्हॉल्व जळतात.

त्यात आपलं पाणी. बोअरचं पाणी घरच्या कळशीला पांढरा थर देतं, तर चाळीस-पन्नास वर्षं तेच पाणी ब्लॉकमधे उकळलं तर काय होणार? क्षार आणि गंज मिळून मागच्या बाजूला तळाशी चिखल बसतो, एकदम घट्ट.

मी सतरा-अठरा वर्षांचा असताना जालन्यात वडलांच्या गॅरेजात अशीच एक प्लिमथ आली होती. आमच्याआधी एका मोठ्या वर्कशॉपनं तिचा ब्लॉक बोअर करून (म्हणजे सिलेंडर आतून कापून मोठे करून), नवीन पिस्टन-रिंग घालून दिला होता, मालकाचे भरपूर पैसे गेले होते, आणि दोन महिन्यांत गाडी परत तापायला लागली. वडलांनी इंजिनाला हात लावला नाही, आधी रेडिएटर उतरवला, वॉटर पंप खोलला आणि मला म्हणाले, आत बोट घाल. बोटाला पत्र्याची कड लागली आणि ती दाबल्याबरोबर मोडली, भाकरीचा पापुद्रा मोडावा तशी. मग जाड तारेला पुढं आकडा करून आम्ही ती नळी ओढत बसलो, सकाळपासून दुपारचे तीन वाजले, चार तुकडे निघाले, शेवटचा तुकडा हातात आला तो नुसता तपकिरी भुगा होता. बोअरिंग करताना नळी तशीच आत ठेवली होती. म्हणजे सगळा खर्च झाला आणि मूळ दुखणं आतच राहिलं. त्या मालकांचा चेहरा मला अजून आठवतो.

तर तुम्ही क्रमानं असं करा. तापमान मोजायची जी हातातली गन मिळते ती घ्या, गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा आणि हेडवर पुढून मागं एकेका सिलेंडरवर धरा. पुढचे थंड आणि मागचे चांगलेच जास्त गरम दिसले तर नळी गेली असं समजायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा, पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा पण संशय घ्या. मग सहाही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, मोजा. ह्या इंजिनाला १०० ते १२० पौंडाच्या आसपास मिळालं तर उत्तम, पण आकड्यापेक्षा सहा सिलेंडरांतला फरक महत्त्वाचा. पाचवा-सहावा खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वर आला तर रिंग घासलीय, अजिबात हलला नाही तर व्हॉल्व बसत नाही. साइड व्हॉल्व इंजिनात हे ऑइल सगळीकडं नीट पसरत नाही म्हणून एकदाच मोजून निकाल लावू नका, दोनदा-तीनदा मोजा.

तुमच्या वर्णनावरून मला व्हॉल्वच वाटतायत. त्याला ब्लॉक उतरवायचं काम नाही, हेड काढून, व्हॉल्व काढून, घासून बसवता येतात. आणि एक चांगली गोष्ट म्हणजे ह्या इंजिनाच्या एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व जिच्यावर टेकतो ती कडी) मुळातच कडक धातूच्या वेगळ्या बसवलेल्या असतात, त्या सहसा टिकतात.

पण व्हॉल्वच्या आधी पाण्याचं काम. नळी काढा, ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग (पत्र्याचे गोल बूच) काढा, त्या भोकांतून तारेनं चिखल मोकळा करा आणि पाण्याचा प्रेशर मागून पुढं मारा, स्वच्छ पाणी येईपर्यंत, कंटाळा करू नका. नवीन नळी बाहेरून मागवता येते, नाहीतर पितळेच्या नाहीतर स्टेनलेसच्या पत्र्याची करून घेता येते, फक्त जुन्या नळीचे तुकडे टाकू नका, ते जमिनीवर जोडून ठेवा आणि भोकांची जागा आणि माप जसंच्या तसं उतरवा, कारण कुठल्या व्हॉल्वला किती पाणी ते त्या भोकांवर ठरतं. थर्मोस्टॅट कुणी काढून टाकला असेल (आपल्याकडं बहुतेक काढलेलाच असतो) तर परत बसवा, त्याच्याशिवाय इंजिन थंडीत नीट गरमच होत नाही आणि ऑइलमधे पाणी साचून गाळ धरतो. जुन्या रेडिएटरला आजच्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण लावू नका. आणि परत बोअरचं पाणी भरू नका! डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही.

एवढं सगळं केल्यावरही घाटात तापली तर मला परत लिहा.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मामांच्या प्लिमथच्या बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला तरी हलत नाही, आणि आमची चार सिलेंडरची नवीन गाडी सिग्नलला थरथरते. असं का? आणि इंजिनावर १-५-३-६-२-४ लिहिलंय ते काय? (नांदेडहून एक वाचक)

उत्तर : ताई, प्रश्न फार आवडला. सहा पिस्टन एका रांगेत असले की त्यांच्या तीन जोड्या असतात, पहिला-सहावा, दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा, जोडीतले दोघं एकदमच वर जातात एकदमच खाली येतात, आणि तिन्ही जोड्या क्रँकवर एकमेकींपासून १२० अंशांवर आहेत. त्यामुळं पिस्टन वर-खाली होताना जे झटके बसतात ते एकमेकांना पूर्ण खोडून टाकतात. चार सिलेंडरमधे दोन वर दोन खाली असं दिसायला बरोबर वाटतं, पण पिस्टन वरच्या अर्ध्यात जास्त वेगानं फिरतो आणि खालच्या अर्ध्यात कमी, म्हणून क्रँकच्या दुप्पट वेगाचा एक झटका शिल्लक राहतोच. तीच ती थरथर. शिवाय सहा सिलेंडरला दर १२० अंशांनी एक स्फोट मिळतो, चार सिलेंडरला १८० नी.

१-५-३-६-२-४ हा स्फोटांचा क्रम. बघा, १ पुढचा, ५ मागचा, ३ पुढचा, ६ मागचा, २ पुढचा, ४ मागचा. म्हणजे जोर एकदा पुढच्या अर्ध्यात एकदा मागच्या अर्ध्यात पडतो, क्रँक एकाच टोकाला पिळला जात नाही, आणि शेजारचे दोन सिलेंडर लागोपाठ पेटत नाहीत. शेवरलेचं, जग्वारचं सहा सिलेंडर घ्या, क्रम हाच.

तुमच्या मामांच्या इंजिनात हे हातानं अनुभवता येतं. सहाव्या सिलेंडरच्या बरोबर वर हेडमधे एक छोटा बूच आहे, पाईपचा प्लग असतो तसा. तो खोला, सगळे स्पार्क प्लग काढा, ब्रेझिंगची एक सरळ लांब सळई त्या भोकातून पिस्टनवर अलगद टेकवा आणि दुसऱ्याला हातानं, हळूहळू, फॅनच्या बाजूनं इंजिन फिरवायला सांगा. सेल्फ अजिबात मारायचा नाही, सळई वाकून आत अडकेल. सळई बोटांत वर येत येत जिथं थांबते आणि परत खाली जायच्या आधी क्षणभर रेंगाळते, तो टॉप. सहावा टॉपला म्हणजे पहिलाही टॉपला, जोडी आहे ना. आता डेल्कोचं (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं) झाकण काढून रोटर पहिल्या वायरकडं बघतोय का सहाव्या ते बघा, त्यावरून कुणाचा स्फोट व्हायचाय ते कळतं. पुलीवरची टायमिंगची खूण गंजून दिसत नसेल तर आम्ही अजूनही असंच टायमिंग लावतो.

प्रश्न : गाडी सकाळी मक्खन चालते, दुपारी बारानंतर कुठंही बंद पडते अन् अर्धा तास थांबलं की परत चालू. एसी पंपावर (इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर) ओलं फडकं टाकून चालवायलो. आता ते नवीन इथेनॉलवालं पेट्रोल पण आलंय, त्यानं इंजिन खराब होतं म्हणतात, खरं का? (लातूरचे एक वाचक)

उत्तर : दादा, ओलं फडकं हा जुना खरा उपाय आहे, आणि त्यानं गाडी चालू होते म्हणजे दुखणं पण कळलं. पेट्रोलची त्या पंपात किंवा नळीत वाफ होतेय, पंप द्रवाला ओढू शकतो, वाफेला नाही. परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर गेला की बॉनेटखाली काय होत असेल विचार करा, आणि ह्या इंजिनात एसी पंप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (गरम धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या) जवळच आहे. कंपनीनं त्याच्यावर पत्र्याचं एक कवच दिलं होतं, तुमचं बहुतेक कधीतरी काढून फेकलेलं असणार. पत्रेवाल्याकडून तसं करून घ्या. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून जेवढी लांब नेता येईल तेवढी न्या. कार्बोरेटरच्या खालचं गॅस्केट पातळ असेल तर जाड, उष्णता न जाऊ देणारं टाका. आणि एवढं करूनही राहिलं तर टाकीजवळ सहा व्होल्टचा छोटा इलेक्ट्रिक पंप, पण त्याचा दाब कमी पाहिजे, जास्त दाबाचा घेतलात तर कार्बोरेटरमधली सुई उचलून पेट्रोल वरून वाहील, आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल म्हणजे काय ते सांगायला नको.

आता इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडं २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. आपल्या उसाच्या कारखान्यांतूनही ते बनतं, आणि त्याला मी वाईट म्हणणार नाही, पण जुन्या गाडीनं काय सांभाळायचं ते सांगतो. जुन्या पंपाचा पडदा, रबराच्या नळ्या आणि कॉर्कची गॅस्केटं इथेनॉलपुढं टिकत नाहीत, रबर फुगतं, मऊ पडतं, मग त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमधे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) बसतात. तर हे सगळं एकदाच इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं टाकून घ्या. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, टाकी आतून गंजते. म्हणून महिनोन् महिने उभी राहणारी गाडी असेल तर तिच्यात जुनं पेट्रोल ठेवू नका, उतरवून टाका. तिसरं, इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. प्लग काढून बघा, चॉकलेटी तपकिरी असेल तर छान, पांढराफटक असेल तर मेन जेट किंचित मोठा करून घ्या. हे काम अंदाजानं ड्रिल मारून करू नका, एकदा मोठं झालेलं भोक छोटं होत नाही.

इंजिनाच्या पोटाला मात्र ह्या पेट्रोलनं काही होत नाही. कॉम्प्रेशन रेशो सातच्या आसपास आहे, त्याला आजचं साधं पेट्रोल ऑक्टेनच्या हिशोबानं गरजेपेक्षा जास्तच आहे, महागडं प्रीमियम पेट्रोल टाकायची काही गरज नाही.

प्रश्न : सहा व्होल्टची बॅटरी नवीन आणली तरी इंजिन गरम असलं की सेल्फ रडत रडत फिरतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळं बारा व्होल्ट करा. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बारा करायच्या आधी केबल बघा. तेवढ्याच कामाला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून मूळ केबल बोटाएवढी जाड होती. नंतर कुणीतरी दुकानात मिळाली ती आजच्या गाडीची बारीक केबल लावून दिलेली असते, आणि निम्मा जीव त्या केबलमधेच जातो. जाड तांब्याची केबल करून घ्या, अर्थिंगची पण, आणि अर्थिंग चेसिसवर रंगावर न लावता थेट इंजिनाला, धातू घासून चकचकीत करून लावा. माझ्या हातून अशा कितीतरी गाड्या नुसत्या दोन केबलनी बऱ्या झाल्यात. ह्या क्रायस्लरच्या गाड्यांना बॅटरीचा प्लस अर्थला असतो हे लक्षात ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला आधी सांगा, तो सवयीनं मायनस अर्थ करून जातो आणि मग डायनामो चार्ज करत नाही.

प्रश्न : ऑइल कोणतं? (परळी, जालना, वसमत, अजून दोघं)

उत्तर : आपल्या हवेला २०डब्ल्यू-५० चांगलं, २०डब्ल्यू-४० पण चालेल. पॅनमधे पावणेपाच लिटरच्या आसपास बसतं. ऑइल भारीतलं घेण्यापेक्षा वेळेवर बदला, चालवणं कमी असलं तरी वर्षातून एकदा. फक्त एक सावधगिरी, गाडी वर्षानुवर्षं उभी असेल आणि आत गाळ असेल तर नवीन साफ करणारं ऑइल एकदम घालू नका, तो गाळ सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. आधी पॅन उतरवून हातानं पुसून काढा, जाळी धुवा, मग ऑइल.

प्रश्न : टॅपेटचा (व्हॉल्वला खालून उचलणाऱ्या भागाचा) टिकटिक आवाज येतो. मेकॅनिकनं एकदम घट्ट करून आवाज बंद केला पण आता पिकअप गेलाय. (अंबाजोगाईच्या एक वाचक)

उत्तर : काकू, आवाज बंद झाला तिथंच बिघडलं. गरम झाल्यावर व्हॉल्व लांबतो, त्याला जागा ठेवली नाही तर तो पूर्ण बसतच नाही, थोडा उघडा राहतो, आणि उघड्या फटीतून पेटलेला धूर जात राहिला की त्याची कड जळते. व्हॉल्वला थंड व्हायला सीटवर टेकणं लागतं, तेवढाच त्याचा विसावा. म्हणून ह्या इंजिनात हलकी टिकटिक आली तर मला उलट बरं वाटतं.

टॅपेटची फट इनटेकला ८ थाऊ, एक्झॉस्टला १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तेही इंजिन गरम असताना. मॅनिफोल्डच्या बाजूचं पुढचं चाक काढून फेंडरच्या आतला पत्रा सोडला की टॅपेटची दोन झाकणं दिसतात. काम भाजणारं आहे, हातमोजे लागतात आणि जागा अडचणीची, म्हणून मेकॅनिक ते थंड इंजिनावर उरकतात. तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फटीत घातल्यावर थोडंसं अडकत पण ओढून निघालं पाहिजे. हे आजच्या आजच करा, तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. सेटिंग झाल्यावर आठवड्याभरानं कॉम्प्रेशन मोजा, सहाही सारखे आले तर व्हॉल्व वाचले, एखादा खाली राहिला तर हेड काढून तेवढाच घासून घ्यावा लागेल.

प्रश्न : पार्ट मिळतात का अजून? (हिंगोली)

उत्तर : मिळतात. डॉज, प्लिमथ, डिसोटो ह्या गाड्या मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्समधे क्रायस्लरच्या करारानं जुळवल्या जायच्या, वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला काढलेली ती कंपनी, त्यामुळं आपल्या देशात त्यांचे सुटे भाग बऱ्यापैकी पसरलेत. शिवाय हेच इंजिन अमेरिकेत शेतीच्या यंत्रांवर आणि वेल्डिंगच्या सेटवर पण बसवलं जायचं, म्हणून तिकडं गॅस्केट, बेअरिंग, पिस्टन-रिंग अजून निघतात. मागवताना फक्त गाडीचं नाव लिहू नका, ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आणि बोअर-स्ट्रोक (सिलेंडरचा व्यास आणि पिस्टनची वर-खाली चाल) लिहा. ह्या घराण्यात ३.६ लिटरचं आणि ३.८ लिटरचं इंजिन बाहेरून जुळ्या भावांसारखं दिसतं, बोअर पण दोघांचा सारखाच सव्वातीन इंच, फरक स्ट्रोकमधे, आणि कुणी मधेच इंजिन बदललेलं असेल तर गाडीच्या कागदावरून ते कळणार नाही. पहिल्या सिलेंडरचा पिस्टन टॉपला आणि तळाला आणून प्लगच्या भोकातून... नाही, ह्या इंजिनात प्लगचं भोक पिस्टनवर नाही, व्हॉल्वच्या बाजूला आहे. वर नांदेडच्या ताईंना सांगितलेलं सहाव्यावरचं बूच वापरा, सळईवर दोन्ही ठिकाणी खूण करा आणि अंतर मोजा. पावणेपाच इंचाला जरा कमी, म्हणजे ४.६ च्या आसपास आलं तर ३.८ लिटर, ४.४ च्या आसपास आलं तर ३.६.